बखर मोंबाश्याच्या परवान्याची

श्रीगजानन प्रसन्न. बोरीचा मारुती साक्ष. शके अठराशें अठ्ठावन्न, धातानाम संवत्सर, अमल निजाम सरकारचा, जिल्हा परभणी, मौजे बोरी येथील नर्मदाबाई यांनी आपली सून मनकर्णाबाई इजला समुद्रापार नवऱ्याजवळ पोंचविण्याकारणें सरकारचा परवाना कैसा मिळविला, कोण झुंजलें, कोण माघारें आलें, कोणाची फजिती जाहली, ऐसें पुसाल तर हकीकत येणेंप्रमाणें. यांत पदरचें कांहीं घातलें नाहीं. घातलें असेल तें शोभेपुरतें. ज्यास खोटें वाटेल त्यानें बोरीस येऊन विहिरीवरील बायकांस पुसावें, म्हणजे याच्या दुप्पट ऐकून जाईल.

तर कैलासवासी लिंबाजीराव यांचे एकुलते एक चिरंजीव मुंजाजीराव. शेत बेताचें, अंगांत रग बहुत. बैलाच्या घुंगरांपेक्षां इंजिनाची शिटी कानास गोड लागली, म्हणोन पूर्णेस जाऊन रेल्वेची चाकरी धरिली, आणि तेथें एका पंजाबी मिस्त्रीची मर्जी बसली, आणि मग मुंजाजीरावांचें लग्न होऊन अंगावरची हळद उतरते न उतरते तों मिस्त्रीनें फर्माविलें कीं, आफ्रिका खंडीं मोंबासा म्हणोन बंदर आहे, तेथें इंजिनें बिघडोन पडलीं आहेत, चल. मुंजाजीराव चालिले. नवी नवरी एका पावसाळ्याचा संसार करून सासूपाशीं राहिली. त्यास आतां चार सालें लोटलीं. मनकर्णाबाईस नवऱ्याचा आवाज आठवे. चेहरा आठवावयास मात्र डोळे मिटावे लागत. ही गोष्ट ती कोणापाशीं बोलत नसे, परंतु बखरकारास सर्व ठाऊक असतें.

सासूसुनेचें म्हणाल तर, भाजींत मीठ कोणीं जास्त घातलें यावरून दररोज एक चकमक होई, आणि रुसून बसलेली जेवली नाहीं तर दुसरीही जेवत नसे. ऐसा उभयतांचा तह होता.

ते समयीं मोंबाश्याहून खलिता आला. पाटलांनीं वाचून दाखविला. मजकूर कीं, येथें रेल्वेनें मला खोली मंजूर केली आहे. मार्गशीर्ष सरण्याआंत कुटुंब येऊन पोंचलें तर खोली आपली. न पोंचलें तर खोली दुसऱ्यास, आणि मी पुन्हां बराकींत. पुन्हां खोली केव्हां मिळेल तें सांगवत नाहीं. येथें मक्याचें पीठ मिळतें, त्याच्या भाकरी हातानें थापितों, त्या तुटतात, आणि मिस्त्री हंसतो. तिकडून सरकारचा परवाना काढून मंडळी पाठवून द्यावी.

नर्मदाबाईंनीं बाकी सर्व ऐकून घेतलें, परंतु भाकरीपाशीं आल्यावर पदर कमरेस खोंविला.

“ल्योक माजा भाकरी थापायलाय? लगीन झालेला बाप्या? आन् ते मुडदं मिस्त्री हसायलंय?” ऐसें बोलोन त्यांनीं तेच ठायीं मोहिमेचा विडा उचलिला. सुनेस विचारिलें, जायाचं का? मनकर्णाबाईनें मान खालीं घालून पायाच्या अंगठ्यानें जमीन उकरली. हो म्हणावयाची बोरीकडील रीत हीच.

मसलतीस पाटील किशनराव यांस बोलाविलें. किशनराव मोठे नामांकित पुरुष. मिशा भारी, पगडी भारी, आणि उर्दू जबान येते म्हणोन पंचक्रोशींत ख्याती. ही उर्दू म्हणजे “जी हुजूर” इतकीच, परंतु ती पांच प्रकारच्या सुरांत येत असे आणि त्यावर त्यांचें आजवर निभावलें होतें. त्यांनीं कचेरीचा कायदा समजाविला कीं, पूर्वीं कोणी हरामखोरानें परक्या बायकांस कोणाकोणाच्या बायका म्हणोन जहाजावर चढविलें, सबब सरकारनें नियम बांधिला आहे: जी स्त्री नवऱ्याकडे जाणार तिनें तहसीलदार साहेबांपुढें उभें राहावें आणि आपण कोणाची बायको, तें नवऱ्याचें नांव घेऊन आपले तोंडानें सांगावें. दुसऱ्या कोणीं सांगितलेलें चालणार नाहीं. नियम वाईट नव्हे. बखरकारास तो पसंत आहे. परंतु नियम करणाऱ्यांनीं एकदां बोरीस येऊन जावयास पाहिजे होतें.

मग सुमुहूर्त पाहून कूच केलें. बैलगाडी एक, तींत सासू, सून, पाटील, ज्वारीच्या भाकरी आणि ठेंचा ऐसा सरंजाम. दर मजल दर मुक्काम करीत तालुक्याच्या ठाण्यास आले आणि कचेरीसमोरील पिंपळाखालीं तळ दिला.

तहसीलदार मीर फय्याज अली साहेब हे रहमदिल अंमलदार, नियमाचे पक्के, आणि मूळचे दूर लखनौकडील, म्हणोन या मुलखाच्या चालीरीतींची त्यांस वाकबगारी नव्हती. त्यांचे पेशकार भुजंगराव हे मात्र इकडचेच. यांचें काम बाई बोलेल तें उर्दूंत उलथून साहेबांस सांगणें. मनकर्णाबाई आंत गेली. पाटील व नर्मदाबाई दाराशीं राहिले. साहेबीं सवाल केला कीं, शोहरचें नांव काय? भुजंगरावांनीं मराठींत पुसिलें. मनकर्णाबाईनें फरशीकडे पाहिलें.

पुन्हां सवाल. पुन्हां फरशी.

आतां वाचणारा म्हणेल, नांव सांगावयास काय जातें? तर ऐशा शहाण्यानें आपल्या आजीस पुसावें. नवऱ्याचें नांव बायकोनें उगीच तोंडीं घेतलें तर त्याचें आयुष्य उणें होतें, ही गोष्ट बोरींत शेंबडें पोरही जाणतें. आणि इचा नवरा तर समुद्रापलीकडे, धगधगत्या इंजिनाच्या पोटांत हात घालणारा. मनकर्णाबाई म्हणाली, “ते.” साहेबीं पुसिलें, ते म्हणजे कोण? म्हणाली, “आमचे धनी.” धनी कोण? “आमच्या आत्याबाईचे ल्योक.” तेथून पुढें गाडी चालेना. अखेर बाईनें मोठ्या युक्तीनें खिडकींतून बाहेरच्या पिंपळाकडे बोट केलें आणि म्हणाली, “तेच्यावर जे ऱ्हातंय ना, त्येंचंच नाव.” म्हणजे मुंजा. भुजंगराव समजले, परंतु आपल्या पदरचा शब्द घालावयाची त्यांस मनाई, म्हणोन त्यांनीं जसेंच्या तसें अर्ज केलें कीं, हुजूर, नांव झाडावर राहणाऱ्याचें आहे.

साहेब खुर्चींतून उठले, खिडकींतून पिंपळ पाहिला, परत बसले आणि पुसते जाहले कीं, इचा शोहर आफ्रिकेंत आहे कीं झाडावर?

हें नर्मदाबाईंस सोसवलें नाहीं. दारांतून तोफेसारखा आवाज केला, “मुंजाजी! मुंजाजी हाय त्याचं नाव! म्या ठिवलंय!”

साहेब नाराज जाहले. म्हणाले, बाईस नांव बाहेरून पढविलें, आजची पेशी रद्द. आणि ही वृद्धा इतकी जाणकार आहे तर मुंजाजीच्या वालिदचें, म्हणजे बापाचें, नांव तरी सांगो, तेवढें लिहून घेऊं. ऐसें म्हणतांच नर्मदाबाईंचा तोफखाना एकाएकीं थंडावला. ज्या बाईनें लग्न जाहल्यापासून लिंबाच्या झाडास “कडू झाड” म्हटलें, नवरा वारल्यावरही कडू झाडच म्हटलें, ती लिंबाजीरावांचें नांव कचेरींत काढील काय? तीही फरशीकडे पाहूं लागली. तेव्हां साहेबीं पाटलांकडे पाहिलें. पाटील म्हणाले, “जी हुजूर.” ऐसी पहिली शिकस्त जाहली.

बोरीस परत आल्यावर ज्याची त्याची मसलत. जोशी म्हणाले, ग्रहांची शांत करावी. शाळेचे मास्तर म्हणाले, बाईस नांव पाटीवर काढावयास शिकवितों. परंतु सरकारास तोंडचें पाहिजे, पाटीवरचें नको. एक म्हातारी म्हणाली, नांव उलटें म्हणावें. सर्वांस सर्व ठाऊक आणि उपयोगाचें कोणासच नाहीं, ऐसें जाहलें. पाटील तर म्हणों लागले कीं, पोरीस नसेल जायचें, नखरे आहेत. हे शब्द नर्मदाबाईंच्या कानीं गेले, आणि त्यांनीं पाटलांस जें सुनाविलें तें येथें लिहिल्यास कागद जळेल.

सांजचे समयीं सासूसून चुलीपाशीं बसल्या असतां मनकर्णाबाई रडूं लागली.

“आत्याबाई, मला जायचंय वो. लय जायचंय. पर तोंडातून नाव गेलं आन् तिकडं काई झालं, मंग? इंजनाचं काम हाय त्येंचं.”

नर्मदाबाई चुलींत लाकडें सारीत म्हणाल्या, “म्या तर कदीच घेतलं न्हाई गं बाई. एकदाबी न्हाई. तरी गेलेच की ते.”

“मंग मी घिऊ?”

घे म्हणावें तर पोटच्या पोराच्या जिवाची धास्ती, नको म्हणावें तर त्याच पोराचें घर मोडतें. आजवर कोणत्याही सेनापतीस ऐसा पेंच पडला असेल तर बखरकाराच्या वाचनांत नाहीं.

दुसरी पेशी नेमली होती. मार्गशीर्ष जवळ येत चालला, म्हणोन पुन्हां कूच केलें. या खेपेस साहेबीं नर्मदाबाईंस दाराबाहेर, उंबऱ्यापलीकडे उभें करविलें आणि तोंड बंद ठेवण्याचा हुकूम सुनाविला. मनकर्णाबाई आंत गेली. सवाल जाहला. ती तोंड उघडी आणि मिटी. नांव गळ्यापावेतों येऊन परत फिरे. साहेबांस दया आली. त्यांनीं पाणी देवविलें, पंखा वाढवावयास सांगितला, स्वतः तोंड फिरवून बसले कीं बाईस लाज वाटूं नये. येवढ्यांत दुपार टळली, साहेबांच्या घरून बोलावणें आलें कीं जेवण मांडलें आहे, डाळगोश्ताचा दालचा निवतो. मग मात्र त्यांनीं नाइलाजानें फर्माविलें कीं, बाई नांव सांगत नाहीं, सबब अर्ज नामंजूर, कागद दफ्तरांत जमा करा. आणि जोडे घातले.

मनकर्णाबाई पदर तोंडावर धरून दाराकडे आली. तिचे मागें साहेब, साहेबांचे मागें भुजंगराव, त्यांचे मागें कारकून मंडळी, सर्व जेवणास निघालेले. बाईनें उंबऱ्यापाशीं पाऊल उचलिलें, आणि तों नर्मदाबाईंच्या डोकींत काय वीज चमकली कोण जाणे! त्यांनीं दोन्ही हात चौकटीस लाविले आणि दार रोधिलें.

“नाव घे,” म्हणाल्या. “नाव घे, मंग भाईर ये.”

अहाहा! बखरकाराची लेखणी येथें क्षणभर थांबते. कारण नवऱ्याचें नांव उगीच काढणें अशुभ, हें खरें; परंतु वडीलधाऱ्या बाईनें उंबरा अडवून मागितलें तर तें घेणें शुभ, हेंही तितकेंच खरें. लग्नाची नवरी घरांत येते तेव्हां बायका वाट अडवितात आणि नवरी उखाण्यांत नांव घेते. त्यानें नवऱ्याचें आयुष्य वाढतें, घटत नाहीं. ही तोड शास्त्रांत होती, घरांत होती, दाराशीं उभी होती, आणि आठ दिवस कोणास दिसली नाहीं. पुरुषांस तर दिसलीच नसती.

साहेबीं मागून पुकारलें कीं, हा काय प्रकार, वाट सोडावी. नर्मदाबाई म्हणाल्या, सुनेनं नाव घेतल्याबिगर न्हाई. चपराशास हुकूम जाहला कीं बाईस दूर करा. चपराशी पुढें आला आणि थबकला. पांढऱ्या कपाळाच्या, आईच्या वयाच्या बाईस हात कोण लावणार? त्यानें भुजंगरावांकडे पाहिलें. भुजंगरावांनीं छताकडे पाहिलें. कचेरीस दुसरें दार नव्हतें. ऐसा सारा सरकारी लवाजमा आंत कोंडला गेला, आणि तो बुधवार बाजाराचा असल्याकारणें बाहेर बायकांची गर्दी लोटली. काय जाहलें, काय जाहलें, ऐसें एकीनें दुसरीस पुसलें. आणि सुनेनें नांव घ्यावें म्हणोन सासूनें दार अडविलें, येवढें कळतांच कोणी सरकारचें भय धरिलें नाहीं. टोपल्या खालीं ठेविल्या आणि ओरड उठली, “घे गं पोरी, घे! लाजू नगं! सायेब उपाशी हाय!”

मनकर्णाबाईनें सासूकडे पाहिलें. सासूचे डोळे भरले होते, परंतु हात चौकटीवरून हलले नाहींत. मग तिनें डोईवरचा पदर सारखा केला, घसा खाकरला आणि साऱ्या बाजारास ऐकूं जाईल ऐसा उखाणा घेतला:

“काळ्या इंजनाच्या पोटात तांबडा लाल जाळ,
वाट बगता बगता सरला चार सालाचा काळ;
समिंदराच्या पल्याड न्यायचं जातं आन् पाट,
मुंजाजीरावांचं नाव घेते, सोडा आत्याबाई वाट!”

नर्मदाबाईंनीं वाट सोडिली, आणि बायकांनीं ऐसा गलका केला कीं पिंपळावरले कावळे उडाले. भुजंगरावांचा ऊर भरून आला. त्यांनीं साहेबांस अदबीनें उर्दूंत सांगावयास सुरुवात केली कीं, हुजूर, इंजिनाच्या पोटांत आग आहे. साहेब बोलिले, हें रेल्वेस ठाऊक आहे. भुजंगराव म्हणाले, समुद्रापार जातें न्यावयाचें आहे. साहेब बोलिले, जहाजावर जातें नेण्यास माझी हरकत नाहीं, पण नांव कोठें आहे? भुजंगराव म्हणाले, हुजूर, शेवटल्या ओळींत आहे, याच मुलूखची ही रीत आहे, नांव ऐसेंच घेतात, आणि यापेक्षां खरें नांव घेणें जगांत नाहीं. हें शेवटचें वाक्य त्यांनीं आपल्या पदरचें घातलें. परंतु त्यास आतां कोण हटकणार?

साहेबीं पुसिलें कीं, आमच्या घरींही बेगम मला नांवानें कधीं हांक मारीत नाहीं, तें याचसाठीं कीं काय? भुजंगराव म्हणाले, हुजूर, तें आपण घरीं पुसावें. साहेब हंसले. जोडे काढले, खुर्चीवर परत बसले, दालच्याचा विचार सोडिला आणि कलम हातीं घेऊन नांव लिहिलें: मुंजाजी. पुढें वालिदचें नांव पाहिजे होतें, तें बायकोनेंच सांगावें ऐसा नियम नव्हता. तेव्हां पाटील किशनराव गर्दींतून छाती काढून पुढें आले आणि साऱ्या मोहिमेंतील आपला एकमेव पराक्रम केला. म्हणाले, “लिंबाजी, हुजूर.” नर्मदाबाईंनीं तें नांव ऐकतांच पदर कपाळावर ओढला. कोणीं पाहिलें नाहीं.

अर्ज मंजूर जाहला. कागद परभणीस गेला, तेथून हैदराबादेस, तेथून गोऱ्या साहेबाच्या कोठीवर. आणि निरोप आला कीं, बाईची तसबीर पाहिजे. म्हणोन सेलूस जाऊन तसबीर काढणाऱ्यापुढें मनकर्णाबाईस खुर्चीवर बसविलें. ती भ्याली, म्हणोन नर्मदाबाई खुर्चीस लागून उभ्या राहिल्या, हात तिच्या खांद्यावर. तो मनुष्य काळ्या कापडांतून डोकें काढून म्हणाला, “आजी, तुमी बाजूला व्हा. सरकारला एकलीच पायजे.”

नर्मदाबाई बाजूस जाहल्या. भिंतीपाशीं जाऊन उभ्या राहिल्या, आणि तेथें त्यांस प्रथम उमगलें कीं आपण काय जिंकीत आहों. इतके दिवस लढाईच्या धांदलींत हा हिशेब त्यांच्या ध्यानींच आला नव्हता. परतीच्या वाटेस त्या गाडींत पदर डोळ्यांवर ओढून बसल्या. सुनेनें पुसलें, डोकं दुखायलंय का? म्हणाल्या, ऊन लय हाय.

कार्तिक सरतां परवाना आला. लाल मोहोर, वर राजाची छबी. पूर्णेच्या एका फिटराची बायकोही मोंबाश्यास चालली होती, तिची सोबत ठरली. गांवानें निरोप दिला, परभणीच्या ठेसनापावेतों गाडी नेली. आगगाडी येऊन उभी राहिली. सामान चढलें. फिटराची बायको चढली. मनकर्णाबाई मात्र खालींच उभी.

“मी न्हाई जात,” म्हणाली.

पाटील घाबरे जाहले. म्हणाले, अगं येवढा परवाना, येवढी मेहनत! तिनें त्यांकडे पाहिलेंही नाहीं. सासूचा हात धरून म्हणाली, “तुमाला कोन हाय वो हितं? दुखलं खुपलं तर पानी कोन देईल? खोली जाऊ दे. मी न्हाई जात.”

फौज जिंकोन उभी, किल्ल्याचा दरवाजा उघडा, आणि ज्याच्यासाठीं लढाई केली तोच आंत जावयास तयार नाहीं, ऐसा प्रसंग. नर्मदाबाईंस एक शब्द बोलावयाची देरी होती. बरं, ऱ्हा, येवढें म्हणत्या तर घर पुन्हां होतें तैसें जाहलें असतें. तो शब्द त्यांच्या ओंठांवर आला होता. बखरकार शपथेनें सांगतो, आला होता. परंतु त्यांनीं सुनेचा हात सोडविला आणि आवाज चढवून म्हणाल्या, “मला काय धाड भरलीय? घरात दोन म्हशी हायत, गावभर भांडायला बाया हायत. तू ग्येलीस तर मीठ तरी बरूबर पडंल कालवनात. चढ वर! चढ म्हन्ते ना! त्याच्या भाकरी तुटायल्यात तिकडं.”

आणि धक्का देऊन तिला डब्यांत चढविली. गाडी सुटली. मनकर्णाबाई खिडकींतून ओरडत होती, काय तें शिटीमुळें कळलें नाहीं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत नर्मदाबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या, भांडण संपलें नाहीं ऐसा आव आणून.

मनकर्णाबाई मार्गशीर्षांत सुखरूप पोंचली, खोली मिळाली, ऐसा खलिता मागाहून आला. एवंच मोहीम फत्ते जाहली. सरकारपक्षीं एक जेवण निवालें, याखेरीज नुकसान नाहीं. बोरीकरांकडील एक सून गेली.

ठेसनाहून परतल्यावर त्या रात्रीं नर्मदाबाईंनीं चूल पेटविली, पीठ मळलें, आणि मग तसेंच झांकून ठेविलें. रुसून बसावयास घरांत दुसरें कोणी नव्हतें, तरी त्या जेवल्या नाहींत. परंतु फत्ते ती फत्तेच, सबब येथें लिहून ठेविली आहे. वाचणारांस कळावें.